हायडनचे ‘सम्राट’ चतुष्टय आणि महाराष्ट्रातील व्हायोलिन : एका रचनाप्रकाराचा अपुरा प्रवास

प्रस्तावना

युरोपीय अभिजात संगीतात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे रचनाप्रकार पूर्णत्वास पोहोचले, त्यांत तंतुवाद्य चतुष्टय अर्थात स्ट्रिंग क्वार्टेट हा प्रकार आकाराने लहान, परंतु संगीतविचाराच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचा मानला जातो. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी केवळ चार वाद्ये. समोर संचालक नाही, मागे तालवाद्य नाही, गायक नाही. या चौघांच्या आपसातील व्यवहारातून जे निर्माण होते तेच संगीत.

व्हायोलिन हे वाद्य दक्षिण भारतात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच रुजले आणि विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या संगीतजीवनातही त्याने मानाचे स्थान मिळविले. नाट्यसंगीतापासून ख्यालाच्या मैफलीपर्यंत आणि चित्रपटगीतापासून आकाशवाणीपर्यंत त्याचा संचार झाला. मात्र ज्या रचनाप्रकारात या वाद्याचा युरोपात सर्वांत सखोल विचार झाला, तो चतुष्टयाचा प्रकार येथे मूळ धरू शकला नाही. वाद्य स्वीकारले गेले, रचनाप्रकार बाहेर राहिला. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात एका विशिष्ट चतुष्टयाच्या आधाराने घेतला आहे. ‘पाश्चात्त्य संगीत आपल्या मातीला परके’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. तेवढेच कारण असते तर व्हायोलिनही परकेच राहिले असते.

चतुष्टयाची घडण

जोसेफ हायडन (१७३२–१८०९) याने चतुष्टयाचा आरंभ केला असे सरसकट म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता चार तंतुवाद्यांसाठी त्याच्याआधीही रचना होत होत्या. हायडनचे श्रेय वेगळे आहे. १७५७ च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या एका सरदाराच्या घरी हौशी वादकांसाठी त्याने लिहिलेल्या प्रारंभीच्या रचना करमणुकीच्या आहेत. पहिले व्हायोलिन गाते आणि उरलेले तिघे त्याला टेकू देतात. एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीत असताना, १७७२ मधील ओपस २० आणि १७८१ मधील ओपस ३३ या दोन संचांत हा टेकू नाहीसा होत गेला. दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला यांना स्वतःचे म्हणणे प्राप्त झाले. एका वाद्याने उच्चारलेले दोन-चार स्वरांचे वाक्य दुसरे उचलते, तिसरे त्याला हरकत घेते, चौथे ते उलटे करून परत करते, अशी ही रीत होती. गटे या जर्मन कवीने १८२९ मध्ये चतुष्टयाला चार सुजाण माणसांच्या संभाषणाची उपमा दिली, ती या घडणीला अनुसरूनच.

या प्रकाराचे सामाजिक स्थानही ध्यानात घेणे आवश्यक आहे. चतुष्टय मुळात श्रोत्यांसाठी नव्हतेच, ते वाजविणाऱ्यांसाठी होते. १७८४ च्या सुमारास व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट आणि वानहाल हे चार रचनाकार एकत्र वाजवावयास बसल्याची आठवण मायकेल केली या गायकाने नोंदविली आहे. त्या बैठकीत मोझार्टच्या हाती व्हिओला होता. ज्या वाद्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ते त्या काळातील सर्वांत प्रतिभावान माणसाने पसंत करावे यात चतुष्टयाचे सारे रहस्य आहे. मधल्या स्वरपंक्तीत बसलेल्याला चारही बाजूंचे ऐकू येते. पुढच्याच वर्षी मोझार्टने आपली सहा चतुष्टये हायडनला अर्पण करून प्रसिद्ध केली. व्हिएन्नात सशुल्क सार्वजनिक मैफलीत चतुष्टय रुळण्यासाठी मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

‘सम्राट’ चतुष्टयाचे स्वरूप

हायडनचे ओपस ७६ मधील तिसरे, सी मेजर स्वरातील चतुष्टय ‘सम्राट’ या नावाने ओळखले जाते. काउंट योझेफ एर्डोडी याच्यासाठी लिहिलेल्या सहा चतुष्टयांच्या संचातील ही रचना १७९७ च्या सुमारास सिद्ध झाली आणि १७९९ मध्ये छापली गेली. तिच्या नावामागे राजकारण आहे. नेपोलियनच्या फौजा ऑस्ट्रियावर चालून येत असताना प्रजेला एकत्र बांधणारे एखादे गीत हवे, असे सरकारला वाटू लागले. हायडनने लंडनच्या मुक्कामात इंग्रजांचे राजगीत ऐकलेले होते. हाश्का या कवीच्या शब्दांना त्याने चाल दिली आणि १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, सम्राट फ्रान्झ याच्या वाढदिवशी, ती व्हिएन्नात गायिली गेली. हीच चाल हायडनने या चतुष्टयाच्या दुसऱ्या भागाचा आधार केली. पुढे तिला १८४१ मध्ये वेगळे जर्मन शब्द मिळाले आणि आज जर्मनीचे राष्ट्रगीत म्हणून जग तिला ओळखते. एका सम्राटासाठी रचलेली धून प्रजासत्ताकाच्या वाट्याला यावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

चार भागांपैकी पहिल्या भागात एक प्रसंग भारतीय श्रोत्याचे लक्ष हमखास वेधून घेतो. मध्यभागी, पुष्कळ धावपळीनंतर, व्हिओला आणि चेलो एकाएकी स्थिर होतात आणि षड्ज-पंचमासारखी जोडी धरून बसतात. तिच्यावर व्हायोलिने एक खेडवळ नाच वाजवू लागतात. युरोपीय श्रोत्याला त्यात मशकवाद्याचा भास होतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला मात्र आपल्या ओळखीच्या जागी आल्यासारखे वाटते. हायडन तेथे फार वेळ थांबत नाही. त्याच्या दृष्टीने तो स्थिर षड्ज ही एक गंमत आहे, घर नव्हे.

दुसरा भाग हा या रचनेचा गाभा होय. पाश्चात्त्य संगीतात ‘व्हेरिएशन’ म्हणजे सामान्यतः मूळ धून बदलत नेणे. येथे हायडनने उलट मार्ग धरला आहे. धून प्रथम पहिल्या व्हायोलिनवर साध्या साथीसह येते. त्यानंतरच्या चारही आवर्तनांत ती जशीच्या तशी राहते. बदलतो तो तिच्याभोवतालचा परिसर, आणि बदलतो ती धून धारण करणारा. पहिल्या आवर्तनात ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिले व्हायोलिन तिच्याभोवती बारीक, चपळ नक्षी काढते. व्हिओला आणि चेलो त्या वेळी पूर्णतः गप्प असतात. दुसऱ्या आवर्तनात धून चेलोच्या खर्जात उतरते. तिसऱ्यात ती व्हिओलाच्या हाती येते आणि इतर वाद्ये तिच्याभोवती अर्ध्या स्वरांनी सरकत, आघात मागेपुढे करत एक प्रकारचे सावट निर्माण करतात. चौथ्या आवर्तनात ती पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे परतते, पण खालच्या तिघांनी आता तिचा अर्थ बदललेला असतो. स्वर तेच असतात, मात्र त्यांच्याखालची स्वरसंगती गडद झालेली असते आणि शेवटी सारे उंच, विरळ ध्वनीत निवत जाते.

आपल्याकडील लेहऱ्याशी या योजनेचे बाह्य साम्य आहे. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा हार्मोनियम एकच धून न बदलता फिरवीत राहते आणि तिच्या चौकटीत तबलावादक आपले कौशल्य उलगडतो. न बदलणाऱ्याच्या आधाराने बदलणारे ऐकविणे हे तत्त्व दोन्हीकडे आहे. भेद असा की, लेहरा धरणारा शेवटपर्यंत लेहराच धरतो. त्याचे काम सेवेचे आहे आणि मैफलीच्या जाहिरातीत त्याचे नाव लहान अक्षरांत येते. हायडनच्या चतुष्टयात धून धरण्याचे काम पाळीपाळीने चौघांकडे येते आणि नक्षीचे कामही एकाच्या मालकीचे राहत नाही. त्यामुळे मुख्य कोण आणि साथीदार कोण, या प्रश्नाला येथे कायमचे उत्तर नाही.

तिसरा भाग मिन्युएटचा असून तो रूढ वळणाचा आहे. चौथा भाग गंधार-धैवत कोमल असलेल्या सी मायनरमध्ये तीन कठोर आघातांनी सुरू होतो आणि बराच काळ वादळी राहून अखेरीस मूळ सी मेजरमध्ये येतो. प्रार्थनेसारख्या दुसऱ्या भागानंतर हायडनने असा अस्वस्थ शेवट का योजला असावा याविषयी अभ्यासकांनी तर्क केले आहेत. १७९७ मधील युद्धाची छाया त्यात शोधण्याचा मोह होतो, पण सुरावटीवरून राजकारण वाचण्यास मर्यादा आहेत.

तंजावर : मराठी दरबारातील पाश्चात्त्य वाद्ये

ज्या काळात हे चतुष्टय व्हिएन्नात लिहिले आणि छापले जात होते, त्याच काळात एका मराठी दरबारात युरोपीय वाद्ये वाजू लागली होती, ही बाब महाराष्ट्रात फारशी परिचित नाही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांचे शिक्षण डॅनिश मिशनचे श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेल्यावर राजांनी आपली सारी शक्ती विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट, वैद्यक, नाट्य, मुद्रण यांबरोबरच त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला आणि युरोपीय स्वरलिपीतील संगीताचा संग्रहही केला. मराठी बोलणाऱ्या एका राजाच्या वाड्यात युरोपीय स्वरलिपी वाचली जात होती, आणि तीही पेशवाई अद्याप नांदत असताना.

याच तंजावरात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होऊन गेले. इंग्रजी लेखनात त्यांचा उल्लेख ‘तंजोर क्वार्टेट’ असा होतो. हे चतुष्टय अर्थात नृत्यगुरूंचे व रचनाकारांचे, वाद्यांचे नव्हे. त्यांतील धाकटे वडिवेलू (१८१०–१८४५) व्हायोलिनचे आद्य वादक म्हणून प्रसिद्ध आहेत. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. वडिवेलूंनी हे वाद्य श्वार्ट्झकडून आत्मसात केले अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती टिकणारी नाही, कारण श्वार्ट्झ १७९८ मध्ये, वडिवेलूंच्या जन्माच्या बारा वर्षे आधीच, निवर्तले होते. वडिवेलूंच्याही आधी बाळुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासजवळच्या मणली येथे युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले होते.

महत्त्वाचे हे की दक्षिणेत व्हायोलिनने प्रवेश केला तो गायनाचा सोबती म्हणून. बैठक बदलली, खांद्यावरचे वाद्य छाती आणि पायाच्या घोट्यामध्ये टेकले, तारा षड्ज-पंचमात मिळविल्या जाऊ लागल्या. युरोपात चारही तारा एकमेकींपासून पाचव्या स्वरावर असतात, त्यामुळे कोणत्याही स्वरास तात्पुरते घर करता येते. येथे तारा एकाच षड्जाला बांधल्या गेल्या आणि गमक, मींड यांना वाट मोकळी झाली. तारा मिळविण्याच्या या पद्धतीतच पुढचा सारा मार्ग ठरून गेला असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील व्हायोलिन : गायकीचा मार्ग

महाराष्ट्रात व्हायोलिनची घडण याच मार्गाने झाली. पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे स्वतः ग्वाल्हेर परंपरेचे गायक होते आणि त्यांच्या व्हायोलिनवर ख्यालाचीच मांडणी उतरली. पं. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) आणि पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांनी हे वाद्य स्वतंत्र वादनाच्या मंचावर प्रतिष्ठित केले. या परंपरेची सिद्धी निर्विवाद आहे. तथापि तिचे ध्येय कंठाचे अनुकरण हे होते आणि कंठ एका वेळी एकच स्वर गातो. रागसंगीतात स्वराचे मोल त्याच्या षड्जाशी असलेल्या नात्यावरून ठरते, शेजारी त्याच क्षणी वाजणाऱ्या दुसऱ्या स्वरावरून नव्हे. हायडनच्या चौथ्या आवर्तनात धून तीच राहून अर्थ बदलतो तो खालच्या तीन पंक्तींमुळे. रागसंगीतात असा अर्थबदल त्या मार्गाने घडविण्याची गरजच नाही. म्हणून दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला यांना येथे आसनच नव्हते. व्हिओला या वाद्याला मराठीत आजही रूढ असे वेगळे नाव नाही, याची नोंद घेण्यासारखी आहे.

जुगलबंदी हे याला उत्तर होऊ शकेल काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. जुगलबंदीत दोघे समान असतात, परंतु बहुधा एकामागून एक बोलतात. एकाच क्षणी दोघांनी भिन्न गोष्टी बोलाव्यात आणि तरी एकच अर्थ उमटावा, ही चतुष्टयाची अट तिला लागू होत नाही.

मुंबईतील प्रयत्न

महाराष्ट्राच्या भूमीवर चतुष्टय खऱ्या अर्थाने वाजले ते मुंबईत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर. त्याला अनुकूल असे दोन प्रवाह तेथे एकत्र आले होते. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जात असे. तेथून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, मूकपटांच्या चित्रगृहांत आणि बँडमध्ये उपजीविका करीत. दुसरीकडे पारशी समाजातील सुशिक्षित घरांत पाश्चात्त्य संगीताची आवड जोपासली जात होती. मेहली मेहता (१९०८–२००२) हे याच समाजातील व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले.

या प्रयत्नांना युरोपातील राजकारणाने अनपेक्षित बळ दिले. कार्ल्सबाड येथे १९०७ मध्ये जन्मलेले ज्यू रचनाकार वॉल्टर काउफमन नाझींच्या उदयानंतर १९३४ मध्ये मुंबईस आले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफली होत, ज्यांत काउफमन स्वतः पियानोवर आणि मेहता व्हायोलिनवर असत. १९३७ पासून १९४६ पर्यंत काउफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर कार्यरत होते. आरंभी भारतीय संगीत त्यांच्या कानाला दुर्बोध वाटले. पुढे त्यांनी त्याचा इतका कसून अभ्यास केला की उत्तर हिंदुस्थानी आणि दक्षिणेकडील रागांवर दोन मोठे ग्रंथ त्यांच्या हातून झाले. ते स्वतःही चतुष्टये लिहीत. टोरांटो येथील एआरसी एन्सेंबल या वादकसमूहाने २०२० मध्ये त्यांच्या काही चतुष्टयांचे ध्वनिमुद्रण प्रकाशित केले, तेव्हा कुठे जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली.

मेहतांच्या घरी चतुष्टयाच्या तालमी चालत आणि त्या ऐकत त्यांचे पुत्र झुबिन (जन्म १९३६) वाढले. जगातील मोठमोठ्या वाद्यवृंदांचे संचालन करणाऱ्या या कलावंताच्या कानावर पहिले संस्कार झाले ते मुंबईच्या दिवाणखान्यातील चार वाद्यांचे. व्हिएन्नातील घरगुती बैठकीची परंपरा दीडशे वर्षांनी अरबी समुद्राच्या काठी, काही काळ का होईना, जिवंत होती.

ती टिकली नाही. काउफमन १९४६ मध्ये भारत सोडून गेले. स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोतृवर्ग ओसरला. मेहली मेहता उच्च शिक्षणासाठी १९४५ मध्ये अमेरिकेस गेले, परत आले, परंतु १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले आणि पुढे फिलाडेल्फियात कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवू लागले. मुंबईत ज्याने चतुष्टय उभे केले, त्याला ते वाजवीत राहण्यासाठी देश सोडावा लागला.

मागे राहिलेल्या वादकांना चित्रपटसृष्टीने भाकर दिली. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी गीतांमागे जो तंतुवाद्यांचा पडदा विणला, त्यात दुसरी आणि तिसरी स्वरपंक्ती निश्चितपणे होती. म्हणजे ज्या मधल्या पंक्तींना रागसंगीतात जागा नव्हती, त्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाटेने घरोघरी पोहोचल्या. पण त्या पोहोचल्या गायकाच्या आवाजामागे, निनावी. ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे व संगीतकाराचे नाव छापले जाई, व्हिओला वाजविणाऱ्याचे नाही. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात लता मंगेशकर व मन्ना डे यांना घेऊन स्वतःच्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राची मैफल सादर केली. त्यामागे राग आणि पाश्चात्त्य स्वरसंगती एकत्र आणण्याची आकांक्षा तर होतीच. पडद्यामागच्या वादकांना पुढे आणण्याची इच्छाही त्यात दिसते. तो उपक्रम दीर्घकाळ चालला नाही. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हा त्यासाठी बहुसंख्य वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले.

आकाशवाणीची धून

मुंबईतील या घडामोडींचा मराठवाड्याशी काही संबंध होता काय? निजामाच्या राज्यात असलेल्या वसमतसारख्या गावी चतुष्टयाची मैफल होण्याचा संभव नव्हता. संस्थान विलीन झाल्यानंतर आणि पुढे परभणीचे केंद्र सुरू झाल्यानंतर मात्र नभोवाणी संच ग्रामपंचायतीत, हॉटेलांत आणि वाड्यांच्या ओसरीवर आले. पहाटे प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी ऐकू येणारी आकाशवाणीची संकेतधून या भागातील प्रत्येक कानाच्या ओळखीची झाली. ती धून काउफमन यांची मानली जाते आणि तिचे वादन मेहली मेहतांनी केले असेही सांगितले जाते. शिवरंजनीशी जवळीक असलेली ती छोटी सुरावट ऐकताना कानावर येते ते तंबोऱ्यावर तरंगणारे व्हायोलिन. आयुष्यभर चौघांसाठी लिहिणाऱ्या रचनाकाराने साऱ्या देशाला उद्देशून लिहिताना एकट्या व्हायोलिनचा आवाज पुढे ठेवला, आणि हायडनने क्षणभर गंमत म्हणून वापरलेला स्थिर षड्ज त्याच्याखाली अखंड ठेवला.